‘तिले माह्यं लिवलेलं कसं दाखवू?’

प्रकल्प अहवाल जमा करायची तारीख लागली, की माझ्या खोलीत एकच तक्रार फिरून फिरून येते. ‘मॅडम, लिहिता येत नाही.’ वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचा लेखन मदत कक्ष आहे, तिथे वरच्या वर्गातली मुलं-मुली दुपारी मदतीला बसतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी पाय माझ्याकडेच वळतात. समुपदेशकाच्या खोलीचं दार लावून घेता येतं, म्हणून असेल. आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. घरातून कॉलेजात आलेलं पहिलंच पोर, हे इथं नवलाचं नाही.

त्यातलाच एक, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. विषय त्याने स्वतः निवडलेला, गावातली कापूस वेचणीची मजुरी. वहीत मात्र ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ याच्या पुढे काही नव्हतं.

‘‘कक्षात गेला होतास?’’

‘‘नाही जी. तिथं बसते ते ताई आमच्या बाजूच्याच गावची हाय. तिले माह्यं लिवलेलं कसं दाखवू? गावात मालूम पडन, का याले मराठीबी लिवता येत नाही.’’

‘‘पडलं मालूम, तर?’’

‘‘हासतीन.’’

‘‘हसले. मग तुझं काय होईल?’’

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘‘होत काई नाई मॅडम. पण कॉलेजात आलेल्याले आलंच पाह्यजे ना!’’

त्या ‘आलंच पाह्यजे’वर आम्ही बऱ्याच भेटी बोललो. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. घटना छळते त्याहून जास्त त्या घटनेबद्दल आपण धरलेला हट्ट छळतो, हे मला रोजच्या कामात पटत आलेलं आहे. लिहिता यावं ही इच्छा चांगली. आलंच पाहिजे, नाही आलं तर आपण कवडीमोल, हा झाला हट्ट. एलिस यांना तरुणपणी चारचौघांत बोलायची भीती वाटायची. भीती जाण्याची वाट न पाहता ते भाषणं करत राहिले आणि ती त्यातच गेली. त्यालाही मी तेच सांगितलं. लाज वाटतेय ना, वाटू दे, लाजेसकट जा. खाडाखोडीचं पानच ने, आणि ‘सुरुवात जमत नाही’ एवढंच बोल.

तो गेला. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं.

ताईने वही मिटून बाजूला ठेवली. ‘‘तुह्या घरी कोण जाते वेचाले?’’

‘‘माय. पयल्या वेच्याले किलोमागं आठ रुपये होते, शेवटी बारा झाले.’’

ताईच्या घरी किराणा दुकान, कापूस तिने कधी वेचलेला नाही. ती म्हणाली, ‘‘म्हंजे मायची मजुरी वाढली!’’

‘‘कुठची वाढते? कमी झाली.’’

‘‘भाव वाढला अन् मजुरी कमी? हे मले समजलं नाही.’’

मग तो बोलायला लागला. पहिल्या वेच्याला झाडं बोंडांनी भरलेली असतात, माय दिवसाला चाळीस किलो वेचते, ३२० रुपये हातात येतात. शेवटी बोंडं विरळ. तेवढंच शेत पालथं घातलं तरी वीस किलो होत नाही. भाव दीडपट असला तरी २४० रुपयेसुद्धा हातात येत नाहीत. म्हणून शेवटच्या वेच्याला बाया मिळत नाहीत, म्हणून तर शेतकरी भाव वाढवतो.

‘‘हेच लिव. आता बोलला तसंच.’’ पेन तिने हातात घेतलं नाही. कक्षातल्या मदतनीस मुलांना मी सगळ्यात आधी तेच शिकवते, आणि ती ते मनापासून पाळतात याचं मला समाधान आहे. त्याने तिथेच बसून दीड पान लिहिलं. ‘कृषिप्रधान देश’ त्याचा त्यानेच खोडला.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. माझ्या खोलीत त्याचा हट्ट सैल झाला, पण लाज सुटली ती ताईला समजावून सांगताना. प्राध्यापकांनी हाच प्रश्न विचारला असता, तर त्यांना हवं ते उत्तर तो शोधत बसला असता. ताईला खरोखर माहीत नव्हतं, आणि त्याला माहीत होतं. बरोबरीच्या माणसाची मदत इथे शिक्षकाच्या मदतीहून वेगळी पडते. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठाने १९७० साली तिथल्या शाळांतून उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांना दारं उघडली, तेव्हा घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली पुष्कळ मुलं आली. त्याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक केनेथ ब्रफी यांना दिसलं की ज्यांना गरज आहे तीच मुलं मदत टाळतात, कारण ती मदतही वर्गासारखीच वाटते. म्हणून तिथे विद्यार्थ्यांनाच मदतनीस म्हणून तयार केलं. आपली पोरं काही जगावेगळी लाजाळू नाहीत.

तेव्हा अशा कक्षात जाणार असाल तर तारखेच्या आदल्या दिवशी जाऊ नका, अर्धं पान झालं की जा. सरांनी नेमकं काय विचारलंय तो कागद सोबत न्या. शुद्धलेखन शेवटी पाहा. ऱ्हस्व-दीर्घात बैठक संपते आणि सांगायचं राहून जातं. आपलं लिहिलेलं आपणच मोठ्याने वाचा, कुठे अडखळतो ते तिथेच कळतं. मदतनीस स्वतःच लिहून द्यायला लागला, तर न लाजता त्याला थांबवा. ‘ही नक्कल तर नाही ना?’ असं आईवडीलही विचारतात. प्रश्न दुसऱ्याचे आणि वाक्यं तुमची, तोवर नक्कल नाही.

कॉलेजात असा कक्ष नसेल, तर दोघा-तिघांनी वाचनालयात बसा. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी चूक न काढता फक्त न समजलेलं विचारायचं. वाचणाऱ्याने तोंडी उत्तर द्यायचं, आणि दिलेलं उत्तर विसरायच्या आत कागदावर उतरवायचं.