उत्तर: ९६ टक्के अचूकता आणि चामखिळीच्या दोन फायली

प्रश्न थोडक्यात: इराणमधल्या मशहदच्या चामखिळीच्या रुग्णांच्या दोन फायली, ९० जण क्रायोथेरपीचे (द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवणं) आणि ९० इम्युनोथेरपीचे (प्रतिकारशक्ती जागवणारं इंजेक्शन). त्या जोडून, स्मोट (कमी संख्येच्या गटात कृत्रिम नोंदी भरणारी पद्धत) लावून रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-झाडांचं मॉडेल) चालवलं तर रुग्ण बरा होईल की नाही, याच्या अंदाजात ९६ टक्के अचूकता आली. आता नव्या रुग्णाला द्रव नायट्रोजन की इंजेक्शन, हे मॉडेलला विचारावं का?

इतक्यात नको. आधी इम्युनोथेरपीची फाईल मोजा. ९० पैकी ७१ बरे, १९ नाही. डोळे मिटून सगळ्यांना ‘बरा होईल’ म्हटलं तरी ७९ टक्के मिळतात. क्रायोत ४८ विरुद्ध ४२, म्हणजे तिथे हाच आकडा ५३. तुमची तुलना या आकड्यांशी व्हायला हवी, शून्याशी नाही.

९६ बहुधा स्मोटमुळे आलेत. आधी स्मोट आणि मग ट्रेन-टेस्ट विभागणी (शिकवायच्या आणि तपासायच्या ओळी वेगळ्या करणं) केली, की टेस्टमधल्या रुग्णाची कृत्रिम भावंडं ट्रेनमध्ये जाऊन बसतात. ओळींचे समान गट (फोल्ड) करून आळीपाळीने एकेक तपासायला ठेवतात; स्मोट प्रत्येक फोल्डच्या आत, फक्त ट्रेन भागावर लावा. शिवाय चामखिळीचा प्रकार १, २, ३ असा लिहिलाय: साधी, तळपायाची, दोन्ही. साधा स्मोट तिथे १.७ असले प्रकार जन्माला घालतो! प्रकारांचे रकाने सांभाळणारा स्मोट-एनसी वापरा आणि मॉडेलला देताना वन-हॉट करा, म्हणजे प्रत्येक प्रकाराला ०/१ चा वेगळा रकाना.

इम्युनोथेरपीच्या फायलीचे दहा फोल्ड केले तर प्रत्येकात न बरे झालेले जेमतेम दोन येतात. एक चुकला की त्या गटाची अचूकता थेट निम्मी. त्यापेक्षा स्तरित (प्रत्येकात बरे-न बरे यांचं प्रमाण सारखं) पाच फोल्ड, वेगवेगळे सीड (यादृच्छिक विभागणीचा सुरुवातीचा आकडा) घेऊन वीसेक वेळा करा, आणि बरे व न बरे या दोन्ही गटांची अचूकता वेगवेगळी लिहा. इतक्या कमी ओळींना दोन-तीन पातळ्यांचं निर्णय-झाड किंवा रिज (गुणक लहान ठेवणारा लगाम) लावलेलं लॉजिस्टिक रिग्रेशन पुरतं. क्रायोत वय आणि चामखीळ किती महिने जुनी आहे, हे दोन रकानेच बरंचसं काम करतात.

फायली जोडताना अजून एक खोच आहे. इंड्युरेशनचा (चाचणीच्या जागी त्वचेवर येणाऱ्या कडक सुजेचा) व्यास फक्त इम्युनोथेरपीच्या फायलीत आहे. जोडल्यावर क्रायोच्या ९० ओळींत तो रिकामा राहतो, आणि तिथे शून्य भरलंत की झाड त्या शून्यावरूनच उपचार ओळखतं. शिवाय हा व्यास सुरुवातीच्या चाचणीनंतर मिळतो, त्यामुळे चाचणी न झालेल्या नव्या रुग्णाबाबत तो हातात नसतो. जोडायचंच असेल तर तो रकाना काढा.

एकाच रुग्णाला दोन्ही उपचार दिल्याची नोंद या फायलींत नाही, आणि उपचार न दिलेला गटही नाही. चामखिळी आपोआपही जातात, त्या इथे उपचाराच्या खात्यात जमा होतात. दोन्ही फायलींत १५ वर्षांखालचं कोणी नाही, तेव्हा आठ वर्षांच्या मुलाबद्दल मॉडेलने काहीही सांगितलं तरी ते धरू नका.