रशियात फिरताना नुसत्या पाट्या वाचून रशियन शिकता येतं का?

तुम्ही दोन आठवडे मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गला निघालाय, क्लास लावायला वेळ नाही, म्हणून पाट्या वाचून कितपत जमेल असं विचारलंय. शिवाय मोबाइलचा कॅमेरा पाटीचं भाषांतर करून देतो, मग हा खटाटोप कशाला, अशी शंकाही आहे. माझ्या अनुभवाने सांगतो: वाचता नक्की येईल, व्याकरणाचा सांगाडाही बराच कळेल. बोलता मात्र येणार नाही. आणि पाट्यांवरून व्याकरण उचलणं मराठी माणसाला इंग्रजीवाल्यापेक्षा सोपं जातं.

अक्षरं निघायच्या आधीच उरकून टाका. एकूण 33 आहेत. ए, के, एम, ओ, टी ही इंग्रजीसारखीच दिसतात आणि बहुतेक तशीच वाचायची. लिपीचं मूळ ग्रीक, त्यामुळे कॉलेजात गणित किंवा फिजिक्स केलं असेल तर पाय, फाय, गॅमा, लॅम्डा, डेल्टा हे जुने ओळखीचे भेटतात: प, फ, ग, ल, द. खरा घोळ इंग्रजीचा वेश घेतलेल्या सहा जणांचा. बी म्हणजे व, एच म्हणजे न, पी म्हणजे र, सी म्हणजे स, वाय म्हणजे ऊ आणि एक्स म्हणजे ख. म्हणून 'रेस्तोरान' ही पाटी नवख्याला 'पेक्टोपाह' दिसते. आणखी एक सावधगिरी: टॉयलेटच्या दारावर 'एम' दिसलं तर ते महिलांचं नव्हे, पुरुषांचं. बायकांच्या दारावर किड्यासारखं पाय पसरलेलं 'झ' असतं.

सरावाला मेत्रो, काफे, पार्क, ताक्सी, हिरव्या क्रॉसखालची अप्त्येका (औषधाचं दुकान), प्रोदुक्ती (किराणा) हे शब्द पुरतात. रात्रभर उघड्या दुकानावर '24 चासा' लिहिलेलं असतं. यातला च आपल्या 'चित्र'मधला. 'चाक'मधल्या च साठी त्यांच्याकडे वेगळंच अक्षर आहे, 'त्सेन्त्र'च्या पाटीवर दिसेल. आपण दोन्ही एकाच अक्षरात कोंबतो, पण उच्चार दोन्ही करतो. फुकटचा फायदा!

आता खरी गंमत. शब्द गोळा करत बसू नका, शब्दांची शेपटं बघा. न्येव्स्की प्रोस्पेक्त, त्वेर्स्काया ऊलित्सा, सादोवोये कोल्त्सो: पीटर्सबर्गचा एक हमरस्ता, मॉस्कोतला एक रस्ता आणि मॉस्कोचाच रिंगरोड. तिन्हींतला पहिला शब्द विशेषण आहे आणि तिघांची शेपटं निरनिराळी, कारण प्रोस्पेक्त पुल्लिंगी, ऊलित्सा स्त्रीलिंगी आणि कोल्त्सो नपुंसकलिंगी. मोठा, मोठी, मोठं हे आपण लहानपणापासून करतोच, त्यामुळे समजावून सांगायला कोणी लागत नाही. फक्त एक गोष्ट उलटी: आपल्याकडे आकारान्त नाम बहुधा पुल्लिंगी, तिथे बहुधा स्त्रीलिंगी.

मनाईच्या पाट्या तर तक्त्यासारख्या वापरता येतात. प्रवेशबंदीला 'झाप्रेश्च्योन', पार्किंगबंदीला 'झाप्रेश्चेना', धूम्रपानबंदीला 'झाप्रेश्चेनो'. शब्द एकच, लिंग तीन. मेट्रोच्या दारावर 'न्ये प्रिस्लोन्यात्स्या' असतं, म्हणजे टेकू नये. आज्ञा कोणाला उद्देशून नाही, नुसतं क्रियापदाचं मूळ रूप. आपल्या 'येथे थुंकू नये'चा सूर तोच.

विभक्तीही अशीच सापडते. बाहेर पडायची वाट 'वीखोद', पण जिथून बाहेर पडता येत नाही तिथे 'वीखोदा न्येत'. 'नाही' म्हटलं की नामाची षष्ठी होते. मॉस्कोत इंदिरा गांधींच्या नावाचा चौक आहे, त्याची पाटी आवर्जून पाहा: 'प्लोश्चाद इंदीरी गांदी'. आपल्या इंदिरेलाही रशियन षष्ठीने सोडलेलं नाही, गांधी मात्र जसेच्या तसे. त्याच वीखोदला आत जायचं दार 'व्खोद' आणि रस्ता ओलांडायची किंवा गाडी बदलायची जागा 'पेरेखोद' यांच्या शेजारी ठेवा. 'खोद' म्हणजे चाल, पुढे लागलेले ते उपसर्ग. आगमन-निर्गमन कळणाऱ्याला हे अवघड नाही. दुकानाच्या दारावर ढकलायचं असेल तर 'अत सिब्या' (स्वतःपासून), ओढायचं असेल तर 'क सिब्ये' (स्वतःकडे). दिवसातून अनेकदा दार उघडायचं असतंच, त्यामुळे हे पाठ करावं लागत नाही.

पाट्या उच्चार शिकवत नाहीत. आघात (म्हणजे जोर) शब्दात कुठे आहे ते लिहिलेलं नसतं आणि आघात नसलेला 'ओ' साधारण 'अ'सारखा वाचतात. लिहितात मोस्क्वा, म्हणतात मस्क्वा. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मॉस्कोची मेट्रो. दाराजवळच्या नकाशावर पुढचं स्टेशन आधी मनात वाचायचं, मग घोषणा ऐकायची आणि ताडून पाहायचं. तिथे केंद्राकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज असतो, केंद्राकडून बाहेर जाताना बाईचा. चुकीच्या गाडीत चढलात तर तेही कानाला कळतं. गर्दीच्या वेळी हा अभ्यास करू नका, धक्के बसतात.

सरावाला मुक्काम हवाच असेल तर निकोलोयाम्स्काया रस्त्यावरचं परदेशी साहित्याचं ग्रंथालय शोधा. 2022 साली तिथे अण्णा भाऊ साठेंचा पुतळा बसवला आहे. मेट्रोतून बाहेर पडल्यापासून तिथपर्यंत नकाशा न उघडता पाट्यांवर जाऊन बघा. रस्त्याच्या नावातलं 'आया' बघून तो ऊलित्साच असणार, हे आता तुम्हाला कळेल.

राहिला कॅमेरा. तो वापरा, पण पाटी आधी स्वतः वाचून मग. औषधाच्या खोक्यावर किंवा बंद दुकानाच्या लांबलचक सूचनेवर थेट वापरा, तिथे हट्ट नको. मेनूवर पदार्थ हाताने लिहिले असतील तर वेगळंच प्रकरण: हस्तलिपीत त चं अक्षर इंग्रजी एमसारखं आणि द चं जीसारखं दिसतं. छापील अक्षरं पक्की झालेला माणूसही तिथे अडखळतो आणि कधीकधी कॅमेराही. अशा वेळी शेजारच्या टेबलावरच्या ताटाकडे बोट दाखवा.