जनावरामागं कोण उभंय ते बघ

पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला आणि वाचल्यावर झोप काय लागली नाही, म्हणून सकाळी पहिला व्हिजिटचा फोन यायच्या आत लिहायला बसलोय. तू लिहिलंस, सर मला माणसांसाठी काहीतरी करायचं होतं, मार्क कमी पडले म्हणून जनावरांच्या डॉक्टरकीकडे आले, परत नीटची प्रवेश परीक्षा देऊ का? आणि त्याच्याच खाली जाता जाता लिहिलंस की इंटर्नशिपमध्ये दगडी झालेल्या, म्हणजे कास सुजलेल्या, एका गाईच्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली, मालकानं त्याच संध्याकाळी दूध सेंटरला घातलं, तुला दिसलं आणि तू गप्प बसलीस. अगं, वरच्या प्रश्नाचं उत्तर खालच्याच ओळीत आहे आणि तुला ते दिसेना, याचा मला राग आलाय.

गाय एकच होती, पण ते दूध कॅनमध्ये ओतलं की गावच्या दुधात मिसळलं. कुणाच्या तरी दोन वर्षाच्या लेकराच्या बाटलीत गेलं, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या कुणाच्या तरी चहात गेलं. उकळलं म्हणून ते औषध जातंच असं नाही. कधी कधी घरातली बाई सांगते, आज विरजणच लागलं नाही, तेव्हा दुधातल्या औषधानं विरजणातले जंतूच मारले असतील अशी शंका घ्यायची. औषधाच्या लेबलवर किती दिवस दूध वापरायचं नाही ते छापलेलं असतं, आणि छापलेलं नसेल तर दुधासाठी किमान 7 दिवस हा आपल्याकडचा नियम 2012 पासून आहे. हे तुला पाठ असणार, परीक्षेत लिहिलंही असशील. पण सुई हातात घेतली की जनावरामागं कोण उभंय ते बघ, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

मालक म्हणेल नुकसान कोण भरून देणार, बरोबरच आहे त्याचं, त्याचा हप्ता त्या दुधावर आहे. म्हणून हे टोचायच्या आधी सांगायचं, टोचल्यावर नाही. आधी सांगितलं तर तो तुझ्याशी हिशोब करायला बसतो, कमी दिवस दूध बाजूला ठेवावं लागेल असं औषध आहे का विचारतो, नंतर सांगितलं तर भांडतो. तारीख खडूनं गोठ्याच्या भिंतीवर लिही, गाईच्या पायाला चिंधी बांध, म्हणजे धार काढणारा बदलला तरी त्याला कळेल.

आता माझं ऐक. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, एका वस्तीवर सातव्या महिन्यात गाय गाभडली, वार अडकली होती. मी हातमोजा घालून वार काढली, पण शेजारी त्या घरातली सून उघड्या हातानं सगळं गोळा करत होती, मेलेलं वासरू तिनंच पोत्यात भरलं, जमीन तिनंच सारवली. मी म्हणालो उष्णतेनं झालं असेल, आणि निघालो. पुढं तिला ताप सुरू झाला, चढायचा उतरायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, सांधे धरायचे. टायफॉइड म्हणून औषधं झाली, मलेरिया म्हणून झाली, असं वर्ष गेलं. शेवटी एका डॉक्टरनं विचारलं, घरी जनावरं आहेत का? तो ब्रुसेला होता, गाई गाभडवणारा आणि त्यांच्यापासून माणसाला लागणारा जंतू. सहा आठवड्यांच्या गोळ्यांनी बाई बरी झाली, पण तोवर दोन गाई विकल्या होत्या आणि थोरल्या मुलीची शाळा सुटली होती.

तो प्रश्न मी विचारायला पाहिजे होता. मी गाय बघितली, गाईमागं उभी असलेली बाई बघितली नाही. माझ्याकडं तेव्हा सतरा गावं होती, गाडी एक, रक्त तपासायला पाठवलं तर रिपोर्ट कधी येईल याचा भरवसा नाही, हे सगळं खरं आहे, आणि आजही कुणी मला दोष दिला तर मी हेच सांगेन. पण "हात लावू नका, पिशवी घाला, खड्ड्यात चुना टाकून पुरा" एवढं बोलायला लॅब लागत नव्हती गं.

डायक्लोफेनॅक हे दुखण्या-सुजेवरचं औषधही मी टोचलंय, लंगडणाऱ्या बैलाला दोन दिवसांत उभं करायचं म्हणून लोक मागून घ्यायचे. ते जनावर मेलं की गावाबाहेर टाकायचे, गिधाडं खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची. मेलेलं ढोर कुत्र्यांना राहिलं, कुत्री वाढली, आणि पिसाळलेलं कुत्रं पहिलं कुणाला चावतं तर गल्लीत खेळणाऱ्या पोराला. 2006 ला जनावरांसाठी ते बंद झालं, त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम आलं, पुढं 2023 ला त्याच जातीची किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद केली. एका इंजेक्शनमागं एवढी मोठी रांग उभी असते, आणि तू मला विचारतेस माणसांसाठी काय करू!

नीट द्यायची तर दे, मी अडवणार नाही, चांगला डॉक्टर कुठंही लागतोच. पण हे क्षेत्र कमी आहे म्हणून सोडू नकोस, ते मला सहन होणार नाही. बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगानं गावंच्या गावं बसायची, बैल मेले की पेरणी नाही, पेरणी नाही की उपासमार. 2011 ला ती जगातून संपल्याचं जाहीर झालं, माणसांच्या देवीनंतर मुळासकट गेलेला हा दुसराच रोग. आणि दारोदार फिरून ती लस ज्यांनी टोचली ती आपलीच माणसं होती, त्यांचे सत्कार कुणी केले नाहीत. आयव्हरमेक्टिन आधी जनावरांच्या जंतांसाठी आलं, आज हत्तीरोगाच्या मोहिमेत माणसांना देतात, नागपुरात 2019 ला दिलं.

आधी त्या मालकाकडं परत जा. आज जा. भांडू नकोस, गाय कशी आहे विचार, कास दाबून बघ, आणि दूध किती दिवस सेंटरला घालायचं नाही ते त्याच्या बायकोसमोर सांग, कारण बऱ्याच घरात किटली बाईच घेऊन जाते.

सोमवारी आमच्याकडं ब्रुसेलाची लस आहे, 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी आणि पारड्या, आयुष्यात एकदाच टोचायची. साडेसहाला स्टँडवर थांब. हातमोजे मी देतो, पण डोळ्याला चष्मा तुझा आण, ती लस जिवंत जंतूंची आहे, डोळ्यात उडाली तर तो ताप तुलाच येऊ शकतो.