थोडी माया जास्तच सोडा

पिशव्या, बटवे आणि पाऊच यांविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांपैकी निम्मी मशिनला शिव्या घालणारी आहेत. बिचाऱ्या मशिनची बाजू घेणारं कुणी नाही, म्हणून मीच घेते. तीस वर्षं घरी बसून पिशव्या शिवतेय. एवढ्या काळात मशिन खरोखरच बिघडलेलं असं तीन-चारदाच झालं. बाकी प्रत्येक वेळी खोड माझी होती.

प्रश्न : ताई, मला १४ इंच रुंद, १५ इंच उंच आणि तळाला ४ इंच पसरट अशी पिशवी हवी होती. अर्धा इंच माया (शिवणीपलीकडे सोडायचं जास्तीचं कापड) धरून १५ बाय १६ चे दोन तुकडे कापले. तळाचे कोपरे शिवल्यावर पिशवी निघाली १० बाय १३ ची! कापड आटलं का?

उत्तर : नाही, तळाने खाल्लं. शिवलेला एक कोपरा उसवा, पिशवी सपाट पसरा आणि बघा. तळाची ती ४ इंच रुंदी वेगळ्या कापडातून आलेली नाही. २ इंच समोरच्या तुकड्याने दिले, २ इंच मागच्याने. तेवढीच उंची दोघांची कमी झाली, १५ ची १३. कोपऱ्यांतही तेच. प्रत्येक तुकडा डावीकडून २ आणि उजवीकडून २ इंच आत वळला, म्हणून १४ चे १० राहिले.

तेव्हा रुंदी बेतताना हवी ती रुंदी, अधिक तळाची पूर्ण रुंदी, अधिक दोन्हीकडची माया. तुमच्या पिशवीला १४ + ४ + १ = १९ इंच. उंचीला हवी ती उंची, अधिक तळाची निम्मी रुंदी, अधिक वरची-खालची माया, म्हणजे १५ + २ + १ = १८ इंच. वरची कड अस्तराला न जोडता नुसती दुमडणार असाल तर त्या दुमडीचं कापड आणखी वेगळं धरा. तुकडा १९ बाय १८ चा.

आता कोपऱ्यांची गंमत. बरेच जण आधी कोपऱ्यातून चौकोन कापून टाकतात आणि त्या चौकोनात माया धरायची की नाही यावर अडतात. धरू नका. कापडाच्या कच्च्या कडेपासूनच २ इंचाचा चौकोन मोजा आणि कापा. बाजूंच्या शिवणी, तळाची शिवण आणि कोपऱ्याची शिवण या सगळ्यांना माया सारखी घेतलीत तर तळ बरोबर ४ इंचांचाच येतो. मला हे पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. वर्तमानपत्राची पिशवी करून, चिकटपट्टीने जोडून मोजली तेव्हा पटलं. नवा आकार असला की मी अजूनही आधी कागदाचीच पिशवी करते. कागद चुकला तर रडू येत नाही.

आटण्याचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंच. बेतण्याआधी धुवा, वाळवा, इस्त्री करा, आणि अस्तराचंही तसंच करा. मी एकदा बाहेरचं सुती कापड न धुता वापरलं आणि अस्तर घेतलं पॉलिस्टरचं. पहिल्याच धुण्यानंतर पिशवी आखडली, अस्तर होतं तेवढंच राहिलं आणि काठावरून जीभ काढल्यासारखं बाहेर लोंबू लागलं.

प्रश्न : पिशवीचा बंद तुटत नाही, पण बंदाच्या मुळाशी कापडच फाटतं. चार-पाच वेळा टीप मारली तरी तेच.

उत्तर : चार-पाच वेळा मारलीत म्हणूनच. एकाच रेषेत सुई पुन्हा पुन्हा गेली की तिथे भोकांची रांग तयार होते आणि तिकिटासारखं कापड त्या रेषेवर सुटतं. माझ्या अगदी पहिल्या पिशवीचं असंच झालं. जिन्यात. आत सात पुस्तकं होती, ती माझ्या आधी खाली पोचली. बंद माझ्या हातात शाबूत होता, त्याला पिशवीचा एक तुकडाही चिकटलेला होता.

बंदाचं टोक काठापासून दीड इंच तरी खाली येऊ द्या. तिथे आधी चौकोन शिवा, मग सुई न उचलता त्याच चौकोनात फुली. वजन एका रेषेवर न पडता चौकोनभर वाटलं जातं. टाका ३ मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाका मजबूत असतो ही समजूत इथे घात करते. आणि बंद शिवताना पिशवीच्या उलट बाजूला, त्याच जागेवर जाड कापडाचा २ इंचाचा चौकोनी तुकडा ठेवून त्याच्यासकट टीप मारा. अस्तर लागलं की तो दिसणारही नाही. म्हणजे बंद अस्तराच्या आधी लावायचे. नंतर आठवलं तर उसवायचं, दुसरा इलाज नाही.

बंदासाठी कापड उभ्या धाग्यात, म्हणजे किनारीला समांतर कापा. आडव्या धाग्यात कापलेला बंद वजनाने ताणला जातो, आणि उरेब, म्हणजे तिरका कापलेला तर महिन्याभरात गुडघ्याशी येतो. ४ इंच रुंद पट्टी घ्या, मधोमध दुमडून घडी पाडा, दोन्ही कडा त्या घडीपर्यंत आणा, पुन्हा दुमडा. चार पदरी, १ इंचाचा बंद मिळतो. दोन्ही कडांना टीप मारा. खांद्यावर घ्यायची असेल तर पट्टी २६ ते २८ इंच, हातात धरायची असेल तर १४ ते १६.

प्रश्न : वरून टीप सुंदर दिसते, पण खाली दोऱ्याचं जाळं होतं. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) तीनदा बदलली. मशिन दुरुस्तीला टाकू का?

उत्तर : थांबा. जाळं खाली दिसत असलं तरी चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशिनचा पाय, खाली होतं का, आठवून पाहा. फूट खाली असलं की ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्या मधे न जाता वरच राहतो, त्याला ताणच मिळत नाही आणि सैल दोरा सगळा खाली जाऊन साठतो. दोरा काढा, फूट उचला, सुई सगळ्यात वर आणा, पुन्हा पहिल्यापासून ओवा. पहिले तीन-चार टाके घालताना दोन्ही दोऱ्यांची टोकं हाताने मागे धरून ठेवा. एवढ्यावरही जाळं झालं तर मग दुरुस्तीवाल्याकडे जा.

प्रश्न : जुन्या जीन्सची पिशवी शिवतोय. जाड शिवण आली की टाके सुटतात, दोन सुया मोडल्या.

उत्तर : सुई कितीची होती ते लिहिलं नाहीत, पण पातळ असणार. सुईच्या पाकिटावर ९०/१४, १००/१६ असे आकडे असतात. त्यांतला पहिला मिलिमीटरचे शंभरावे भाग सांगतो, म्हणजे १०० ची सुई १ मिलिमीटर जाड. साध्या सुती कापडाला १४ नंबर पुरतो. जीन्सला १६ घ्या, चार-सहा पदर एकत्र येणार असतील तर १८.

टाका का सुटतो ते एकदा समजलं की निम्मी चिडचिड कमी होते. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशिनच्या सुईचं पुढच्या अणीजवळ. एलियस हाव यांनी अमेरिकेत १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या मशिनमध्येही नेढं असंच अणीजवळ होतं. सुई कापडात जाऊन किंचित वर उचलली की तिच्यामागे दोऱ्याचा छोटासा फासा फुगतो. खालचा हुक तो फासा पकडतो आणि त्यातून बॉबिनचा दोरा अडकवतो. जाड शिवणीवर पातळ सुई वाकते, फासा हुकाच्या वाटेवरून बाजूला सरकतो, हुक रिकामा फिरतो. सुटला टाका. सुई उलटी बसली असली तरी हेच होतं. तिची सपाट बाजू कोणत्या दिशेला हवी ते मशिनच्या पुस्तिकेत बघा, पायमशिनात आणि नव्या घरगुती मशिनात ती दिशा वेगळी असू शकते.

दुसरी भानगड फुटाची. उंचवट्यावर चढताना त्याचं नाक वर होतं आणि ते कापड नीट दाबत नाही. जीन्सचंच एक चिंधूक तेवढ्याच जाडीचं दुमडून फुटाच्या मागच्या बाजूखाली सारा, फूट सपाट होईल. उंचवट्यावरचे पाच-सहा टाके चाक हाताने फिरवून घाला. आणि त्याआधी ती शिवण फरशीवर ठेवून हातोडीने ठोका. हसू नका, खरंच ठोका. धागे चेपतात, सुई सहज जाते. शेजारी दुपारी झोपत असतील तर सकाळी ठोका.

प्रश्न : छोट्या पाऊचला चेन लावली की ती लाटांसारखी दिसते. शिवाय पाऊच सुलटा करताना फार त्रास होतो.

उत्तर : लाटा येतात कारण शिवताना तुम्ही चेन किंवा कापड ओढता. टाचण्यांवर विसंबू नका, आधी हाताने कच्चा धावदोरा घाला. पाच मिनिटं जातात, उसवायची वीस वाचतात. चेनसाठीचं, एकाच बाजूला दाबणारं फूट असेल तर ते लावा. रनरजवळ, म्हणजे चेन उघडमीट करणाऱ्या सरकत्या भागाजवळ, आलात की सुई कापडात रुतवून ठेवा, फूट उचला, रनर मागे सरकवा आणि पुढे जा. नाहीतर तिथे टीप फुगते आणि नेमकी तीच जागा आयुष्यभर नजरेत भरते.

पाऊचला ३ नंबरची चेन बरी, मोठ्या पिशवीला ५ नंबरची.

सुलट करण्याचा त्रास म्हणजे बाजू शिवताना चेन पूर्ण मिटलेली होती, बरोबर? ती अर्धी उघडी ठेवायची असते. मी एकदा एका बसणीत चार पाऊच मिटलेल्या चेनने शिवले. चारही उसवले, आणि त्या दिवशी मला कुणी चहा विचारायलाही आलं नाही. अस्तराच्या तळाशी ४ इंच जागा न शिवता सोडा, तिच्या दोन्ही टोकांना टीप मागेपुढे करून पक्की करा, तिथून पालटा. पालटण्याआधी कोपऱ्यांतली माया तिरकी छाटा, म्हणजे कोपरे गोळा होणार नाहीत. ते बाहेर काढायला कात्रीचं टोक वापरू नका. (वापराल. सगळेच एकदा वापरतात.)

प्रश्न : रेक्झिनवर टाचण्यांची भोकं राहतात आणि फूट चिकटतं.

उत्तर : टाचण्या नकोतच. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. फूट आणि रेक्झिन यांच्यामध्ये पातळ कागद ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. टाका साडेतीन मिलिमीटरचा. रेक्झिनवर उसवलेली टीप लपत नाही, म्हणून आधी तुकड्यावर शिवून पाहा.

प्रश्न : मशिन नाही, घ्यायचंही नाही. निवृत्त झालोय, हाताने बटवा शिवता येईल का? माझ्यासारख्याने हे करावं का, असंही घरचे विचारतात.

उत्तर : घरच्यांना म्हणावं, बटवा शिवून झाला की मागायला येऊ नका.

काका, बटव्याला उलटी टीप घाला. एक टाका पुढे, अर्धा मागे. साध्या धावदोऱ्यात एक धागा तुटला की पुढची शिवण सुटू लागते, उलट्या टिपेत प्रत्येक टाका मागच्याला धरून असतो. दोरा १८ इंचांपेक्षा लांब घेऊ नका. लांब दोरा घेऊन वेळ वाचवायला जावं तर पीळ पडून गाठी होतात. तो मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या. नेफा (नाडी ओवायची दुमड) अर्ध्या इंचापेक्षा अरुंद नको आणि नाडी एकीऐवजी दोन घ्या, समोरासमोरच्या दिशांनी ओवलेल्या. दोन्हीकडून ओढली की तोंड सरळ मिटतं. जुन्या शर्टाचं कापड पहिल्या बटव्याला उत्तम, ते धुऊन धुऊन आटायचं तेवढं आटलेलं असतं.

प्रश्न : ओळखीच्या बायका म्हणतात, "तुझ्याकडे कापड पडूनच असतं, अर्ध्या तासात होईल, शिवून दे ना." नाही म्हणवत नाही.

उत्तर : मलाही म्हणवत नसे. मग एकदा घड्याळ लावून सगळं लिहून ठेवलं. अस्तराची एक साधी पिशवी : इस्त्री आणि बेतणं ५० मिनिटं, बकरम (ताठपणा देणारं आतलं कापड) चिकटवणं २०, शिवणं ४५, चुकलेलं उसवून पुन्हा शिवणं १५, दोरे कापणं आणि शेवटची इस्त्री १५. दोन तास पंचवीस मिनिटं. त्यांत मशिनचा आवाज तासभरच येतो आणि लोक तेवढाच मोजतात.

आता कुणी मागितली की मी नाही म्हणत नाही. "ये, बेतायला बस, मी शिवते," असं सांगते. आजवर तिघी आल्या. दोघी इस्त्री करून झाल्यावर काही काम आठवून गेल्या. तिसरी टिकली. आता माझ्या सगळ्या पिशव्यांची अस्तरं तीच बेतते. हात माझ्यापेक्षा सरळ आहे तिचा, फक्त माया कमी सोडते.