महामार्गावरील वाहनांची संख्या व वेग कॅमेऱ्याने त्याच क्षणी मोजायचा असेल, तर साधा लॅपटॉप पुरेल का?

कात्रज–देहूरोड बाह्यवळण मार्गावरील पादचारी पुलावर कॅमेरा लावून हा प्रयोग करण्याचा तुमचा विचार आहे. मी पुण्यातच अशी जुळणी दोन पावसाळे चालवली आहे. लॅपटॉप पुरतो, मात्र त्याला कॅमेऱ्याची गती झेपली पाहिजे.

ताशी 80 किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे 22 मीटर पुढे जाते. सेकंदाला 25 फ्रेम (चित्रफितीतील सुटी चित्रे) तपासल्या, तर लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये ती जेमतेम 90 सेंटिमीटर सरकते, आणि ‘सॉर्ट’सारखा ट्रॅकर (वाहनाचा माग ठेवणारा प्रोग्रॅम) मोटारीभोवती आखलेली चौकट आधीच्या चौकटींवरून बांधलेल्या अंदाजाशी किती जुळते यावरून मोटार तीच असल्याचे ओळखतो. लॅपटॉप धापा टाकत पाचच फ्रेम तपासू लागला की हे अंतर साडेचार मीटरच्या आसपास जाते, चौकटी एकमेकींना शिवत नाहीत आणि एकच मोटार दोन-तीनदा मोजली जाते. म्हणून चित्रातील वाहने ओळखणाऱ्या ‘योलो’ या प्रणालीचे सर्वांत लहान मॉडेल घ्यावे व चित्रातील रस्त्याबाहेरचा भाग कापून टाकावा.

वेगाचे दुखणे निराळे आहे. पिक्सेलचे मीटर करण्यासाठी रस्त्यावरील चार ठिकाणांची खरी अंतरे द्यावी लागतात (वाहत्या रस्त्यात टेप घेऊन उतरू नये, उपग्रह नकाशावर ती मोजता येतात). हे रूपांतर फक्त रस्त्याच्या पृष्ठभागापुरते खरे असते. मी सुरुवातीला चौकटीचा मध्यबिंदू धरला आणि उंच ट्रकचे वेग मोटारींपेक्षा जास्त दिसू लागले, कारण तो बिंदू जमिनीपासून बराच वर असतो. चाके टेकतात ती चौकटीची खालची कड धरल्यावर आकडे ताळ्यावर आले. पुढे वाऱ्याने कॅमेऱ्याची पकड किंचित ढळली आणि सगळी मापे पुन्हा घ्यावी लागली.

रिक्षांचाही विचार आधीच करावा. ‘कोको’ या विदासंचातील (मॉडेलला शिकवण्यासाठी नावे लावून ठेवलेल्या चित्रांच्या संग्रहातील) 80 वर्गांत रिक्षा नाहीच, त्यामुळे त्यावर शिकलेले मॉडेल तिला कधी मोटार तर कधी ट्रक ठरवते. हैदराबादच्या ट्रिपलआयटी या संस्थेच्या भारतीय रस्त्यांवरील विदासंचात तिचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यावर मॉडेलला पुन्हा शिकवावे.

पावसाळी रात्री ओल्या डांबरावर हेडलाइटची प्रतिबिंबे पडतात, तेव्हाचे आकडे मी अहवालात वेगळेच ठेवतो.