फिश टँकसमोर मॅन्युअल मोड शिकताना

प्रश्न : माझ्याकडे १८-५५ मिलिमीटर लेन्स असलेला डीएसएलआर कॅमेरा आहे आणि आजवर मी तो ऑटोवरच वापरला. मॅन्युअल मोड (ज्यात प्रकाशाचे सगळे आकडे आपणच ठरवायचे असतात) शिकावा म्हणून घरातील फिश टँकमधील एंजल आणि गप्पी माशांची छायाचित्रे काढू लागले. पण मासे पुसट येतात, काचेत माझेच प्रतिबिंब दिसते आणि सगळे आकडे एकदम बदलून पाहिल्याने कशामुळे काय घडले ते कळत नाही. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण निवडलेला विषय अवघड वाटला, तरी मॅन्युअल शिकण्यासाठी तो अतिशय सोयीचा आहे, कारण टँकवरील दिव्याचा प्रकाश तासन्‌तास एकसारखा राहतो. नवशिक्याचा गोंधळ बहुधा प्रकाश आणि आकडे दोन्ही एकाच वेळी बदलत असल्यामुळे होतो. पावसाळ्यात आपल्याकडे एखादा ढग सरकला तरी खिडकीतून येणारा उजेड क्षणात कमीजास्त होतो. म्हणून दिवसा सराव करू नये. अंधार पडल्यावर खोलीतील सर्व दिवे मालवून केवळ टँकचा दिवा चालू ठेवावा. प्रतिबिंबाची तक्रार त्यानेच बरीचशी मिटेल, आणि उरलेली गडद कपडे घातल्याने व लेन्सभोवती काळे कापड धरल्याने दूर होईल.

आता आकड्यांविषयी. माझा आग्रह असा की, सर्वप्रथम शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडा राहतो तो काळ, ठरवावा. एंजलसारख्या संथ माशाला १/१२५ सेकंद बहुधा पुरतो, परंतु गप्पी सतत वळत असल्याने त्याला १/२५० किंवा त्याहून जलद शटर लागतो. त्यानंतर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र, एफ/५.६ वर ठेवावे (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). आपली लेन्स ५५ मिलिमीटरवर बहुधा त्याहून अधिक उघडतच नाही. मग आयएसओ, म्हणजे प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, १६०० पासून सुरुवात करून एक छायाचित्र काढावे, ते काळपट आले तर केवळ आयएसओ वाढवावा आणि बाकीच्या दोन आकड्यांना हात लावू नये. आयएसओ वाढवल्याने चित्रात दाणे दिसतील, पण दाणे नंतर संगणकावर कमी करता येतात. हललेला मासा मात्र कोणत्याही उपायाने स्थिर करता येत नाही.

मनाजोगता उजेड मिळाला की खरा अभ्यास सुरू होतो. शटर १/१२५ वरून १/२५० वर नेला की प्रकाश निम्मा होतो. आयएसओ १६०० वरून ३२०० केला की चित्राचा उजळपणा पूर्ववत होतो. ॲपर्चर एफ/५.६ वरून एफ/८ केले, तरी प्रकाश निम्माच होतो, पण त्या मोबदल्यात माशाच्या पुढचा-मागचा अधिक भाग स्पष्ट येतो. या निमपटी-दुपटीला एक स्टॉप म्हणतात. एका संध्याकाळी एकच आकडा बदलत राहिल्यास हे गणित पाठ करावे लागणार नाही. कॅमेऱ्यातील मीटरवर, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेवर, मात्र येथे पूर्ण विसंबू नये. मागे काळा कागद लावलेला असेल, तर मीटर त्या काळोखाला उजळवू पाहतो आणि माशाचे चंदेरी खवले पांढरेफटक होतात. आपल्या खाडीतील काळुंदर कोणी टँकमध्ये पाळला असेल, तर त्याच्या अंगावरील मोत्यासारखे ठिपके असेच हरवतात. म्हणून चित्राचा सर्वांत उजळ भाग पडद्यावर तपासून त्या बेताने शटर थोडा जलद वा आयएसओ थोडा कमी ठेवावा.

मासे पुसट येण्याचे आणखी एक कारण काचेत आहे. काचेकडे तिरपे पाहिले की काच आणि पाणी यांतून येणारे किरण वाकून चित्र ओढल्यासारखे होते व कडांना रंग फुटतात; म्हणून लेन्स काचेला काटकोनात धरावी. परंतु ती काचेला चिकटवून चालणार नाही, कारण अशा लेन्स सेन्सरपासून (कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पट्टीपासून) साधारण पाव मीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर फोकस करू शकत नाहीत, आणि पाण्यातील मासा असतो त्याहून जवळ भासतो. थोडे मागे सरून, एखाद्या पानावर हाताने फोकस लावून, मासा तेथे आडवा येण्याची वाट पाहावी. बहुतेक मासे आपल्या ठरलेल्या वाटेनेच फिरतात. फोकस डोळ्यावर असावा. डोळा स्पष्ट असेल तर शेपटी किंचित पुसट आली तरी चित्र टिकते.

प्रश्न : टँकला नवा एलईडी दिवा बसवल्यापासून १/५०० सेकंदावर काढलेल्या छायाचित्रांत आडवे काळपट पट्टे येतात. कॅमेरा बिघडला असेल का? आणि त्याऐवजी फ्लॅश वापरल्यास माशांना अपाय होईल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : कॅमेरा बिघडलेला नसावा. आपल्या घरातील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही. परंतु जलद शटरमध्ये चित्राचा प्रत्येक भाग वेगळ्या क्षणी टिपला जातो, आणि दिवा मंद असतानाचा भाग पट्टा होऊन उमटतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवल्यास पट्टे जातात, पण चपळ मासा हलतो. दिव्याला डिमर असेल, तर तो पूर्ण प्रकाशावर ठेवून पाहावे, कारण पुष्कळ डिमर दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करूनच प्रकाश कमी करतात.

फ्लॅश वापरायचा झाल्यास तो कॅमेऱ्यावर नको. काचेवरून त्याचा झोत थेट लेन्समध्ये परततो. तारेने किंवा ट्रिगरने (बिनतारी जोडणीने) जोडलेला फ्लॅश टँकच्या वरून, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर धरावा आणि शटर १/१२५ ते १/२०० च्या दरम्यान ठेवावा. झोत सहसा १/१००० सेकंदाहूनही कमी काळ टिकत असल्याने गप्पीदेखील स्थिर उमटतो. टँकमधील माशांना पापण्या नसतात, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. काळोखात अचानक फ्लॅश मारू नये, टँकचा दिवा आधीपासून चालू असू द्यावा, आणि मासे दचकून काचेवर आदळू लागले किंवा कोपऱ्यात दडून राहिले, तर त्या दिवशी फ्लॅश बाजूला ठेवून १/१०० वर संथ माशांचीच छायाचित्रे काढावीत.