दगडफूल, शेवाळ की शैवाक?

प्रश्न असा आहे: महाबळेश्वरला झाडांच्या खोडांवर राखाडी-हिरवट पापुद्रे दिसतात, त्यांना शेवाळ म्हणायचं की दगडफूल? आणि पुस्तकात ‘शैवाक’ छापलंय, तो मुद्रणदोष तर नाही ना?

मुद्रणदोष नाही. शैवाक म्हणजे लायकेन. शैवालातलं, म्हणजे शेवाळातलं, ‘शैवा’ आणि कवकातला, म्हणजे बुरशीतला, ‘क’. परिभाषेतले बरेच शब्द तोंडात बसत नाहीत, पण हा मला आवडतो, कारण वस्तूची घडणच त्यात आहे. हा एक जीव नसून बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे, असं श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात मांडलं, तेव्हा त्या काळच्या अनेक तज्ज्ञांनी ते उडवून लावलं होतं.

शेवाळ म्हणू नये ते याचसाठी. शरीराचा बहुतेक भाग बुरशीचा असतो. ताजा पापुद्रा मोडून भिंगाखाली धरा: आत कापसासारखा पांढरा थर दिसतो, तो बुरशीचा. त्याच्या वर, पापुद्र्याच्या वरच्या सालीला लागून, हिरवी बारीक रेघ असते; शैवाल एवढंच. अन्न मात्र ही रेघच तयार करते. पाऊस पडला की वरची साल पारदर्शक होते आणि पापुद्रा एकदम हिरवा दिसतो, म्हणून शेवाळाचा घोळ होतो.

दगडफूल हा बाजारातला शब्द. गोड्या मसाल्यात पडणारं, वरून राखाडी, खालून काळं. ते झाडाच्या सालीवरही वाढतं (आणि फूल तर नाहीच). पुडीत बहुधा तीन-चार जाती मिसळलेल्या असतात.

एका नावाखाली अनेक जाती, हे शास्त्रज्ञांचंही झालंय. अँडीज पर्वतात आणि उष्ण कटिबंधातल्या इतर अमेरिकी डोंगरांत ‘कोरा’ नावाचं पंख्यासारखं शैवाक आढळतं. बरीच वर्षं ती एकच जात समजत. २०१४ मध्ये डीएनए तपासल्यावर किमान १२६ जाती निघाल्या, आणि एकूण आकडा चारशेच्या वर जाईल असा अंदाज बांधला गेला. यातली बुरशी अळंब्यांच्या गटातली. बहुतेक शैवाकांतली तशी नसते.

तेव्हा खोडावर असा पापुद्रा दिसेल त्याला शैवाक म्हणा. दगडफूल त्यातल्या मसाल्याच्या मोजक्या जातींनाच. सह्याद्रीत सालीवर पांढऱ्या डागात काळी अक्षरं गिरवल्यासारखं दिसतं, तेही शैवाकच. ते सालीला इतकं चिकटलेलं असतं की खरवडूनही निघत नाही, मसाल्यात कुठून पडणार!